बिब्बा उततो तेव्हा

‘कामात बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो, पण प्रत्यक्ष बिब्बा पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. पूर्वी तो घरोघरी असायचा. टाचांना भेगा पडल्या की बिब्बा, पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका. आणि मग कुणाच्या तरी अंगावर तो ‘उतायचा’. कातडी लाल व्हायची, फोड यायचे, पाणी सुटायचं, खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा. याला मराठीत शब्द आहे ‘बिब्बा उतला’. दूध उततं, तसा बिब्बा उततो.

आता गंमत बघा. ज्याला आपण इसब म्हणतो आणि डॉक्टर ‘एक्झिमा’ म्हणतात, तो इंग्रजी शब्द मुळात ग्रीक. त्याचा अर्थ उकळून बाहेर येणं, थोडक्यात उतू जाणं! सहाव्या शतकातल्या एटियस नावाच्या वैद्याच्या लिखाणात तो आढळतो. त्या ग्रीक वैद्याची आणि आपल्या आजीबाईंची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोघांनी तेच पाहिलं आणि दोघांना चुलीवरचं भांडं आठवलं.

फरक एवढाच, की ‘बिब्बा उतला’ म्हणताना आजीबाईंनी कारणही सांगून टाकलेलं असतं. ‘एक्झिमा’ म्हणताना डॉक्टरने फक्त वर्णन केलेलं असतं. काय उतू जातंय ते दिसतंय, पण खाली जाळ कसला आहे? इसबाचे वेगवेगळे प्रकार कसे ठरत गेले याचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे. आणि हा प्रश्न पुस्तकी नाही. उत्तर चुकलं की कुणाची तरी नोकरी जाते, कुणाचं लग्न अडतं आणि दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत ‘विचर्चिका’ नावाचा रोग आहे. आयुर्वेदातले लोक तो साधारणपणे इसबाशी जोडतात. चरकसंहितेतली विचर्चिका काळपट, खाजरी आणि भरपूर स्राव होणारी, म्हणजे ओली. सुश्रुतसंहितेतली मात्र कोरडी, रेघा पडलेली, खाज आणि वेदना असलेली. हीच पायावर आली की ती ‘विपादिका’. एकाच नावाखाली एक ओला आणि एक कोरडा रोग! यात विसंगती वाटते खरी, पण ज्याने इसब जवळून पाहिला आहे त्याला माहीत असतं की सुरुवातीला जो वाहतो तोच जुना झाला की सुकतो, जाड होतो आणि चिरतो. हे दोन रोग की एकाच रोगाची दोन वयं? युरोपात या प्रश्नावर पुढे बरीच डोकेफोड व्हायची होती.

अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये रॉबर्ट विलन नावाचा डॉक्टर गरिबांच्या दवाखान्यात काम करत होता. त्या काळी त्वचारोगांच्या नावांचा नुसता बाजार होता. एकाच रोगाला चार नावं आणि एकाच नावाचे चार रोग. विलनने ठरवलं की कारणांचा काथ्याकूट बाजूला ठेवायचा आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. पुरळ कोरडं आहे की पाणीदार, पू आहे की खपली, नुसता डाग आहे की गाठ. अशा आठ गटांत त्याने सगळे त्वचारोग बसवले. १७९० साली लंडनच्या मेडिकल सोसायटीने त्याला यासाठी सुवर्णपदक दिलं. १७९८ पासून त्याचा ग्रंथ भागाभागाने निघू लागला, पण पुरा होण्याआधीच, १८१२ साली, तो वारला. मग त्याचा शिष्य थॉमस बेटमन याने १८१३ साली गुरूची सगळी मांडणी एका आटोपशीर पुस्तकात आणली. त्यात एक्झिमा बसला ‘पाणीदार फोडां’च्या गटात.

बेटमनने केलेल्या पोटप्रकारांत एक होता उन्हाने होणारा आणि एक होता पाऱ्याच्या औषधांनी होणारा. कारणांबद्दल बोलायचं नाही असं ठरवूनही कारणं मागच्या दाराने आत आलीच की! शिवाय साखर हाताळणाऱ्या दुकानदारांच्या हातांना होणारा त्रास तिथे चक्क ‘वाण्याची खाज’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जाई. व्यवसायाचं नाव रोगाला. पाऱ्याचा इसब मात्र लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

विलनच्या पद्धतीत एक अडचण होती. आज पाणीदार फोड, उद्या पू, परवा खपली, पुढच्या आठवड्यात कोंड्यासारखे पापुद्रे. मग रोग्याला दर आठवड्याला नवा रोग झाला म्हणायचं का? याचं उत्तर व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा याने दिलं, आणि तेही आपल्या ओळखीच्या वनस्पतीच्या मदतीने. त्याने कातडीवर जमालगोट्याचं तेल चोळलं. आधी लाली आली, मग बारीक पुरळ, मग पाण्याचे फोड, मग पू, मग खपली आणि शेवटी पापुद्रे. सगळे ‘वेगवेगळे रोग’ एकाच जागी, एकापाठोपाठ एक हजर! म्हणजे ओला आणि कोरडा ही एकाच गोष्टीची रूपं होती.

हेब्राच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. त्या काळचा पक्का समज होता की कातडीवर उठतं ते आतलं दूषित रक्त बाहेर पडण्यासाठी उठतं, तेव्हा ते दाबू नये. आपल्याकडे ‘रक्त खराब झालंय’ म्हणतात तेच. पण जमालगोट्याचं तेल तर बाहेरून लावलं होतं! ज्याला लावलं त्याच्या रक्ताचा काय संबंध? खरजेबद्दलही हेब्राने हेच दाखवलं. स्वतःच्या अंगावर खरजेचे किडे सोडून घेऊन त्याने सिद्ध केलं की खरूज व्हायला किडा पुरेसा आहे, वाईट रक्त लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उरलेल्या वर्षांत नावांचा पाऊस पडला. आज डॉक्टरांकडे गेल्यावर जी नावं ऐकू येतात त्यातली बरीचशी तेव्हाची. पॅरिसच्या देव्हर्जीने १८५७ साली नाण्यासारख्या गोल चट्ट्यांचा इसब वेगळा काढला. हा दिसायला इतका गजकर्णासारखा असतो की अजूनही लोक फसतात. लंडनच्या टिलबरी फॉक्सने १८७३ साली तळहात आणि बोटांच्या कडांवर येणाऱ्या साबुदाण्यासारख्या फोडांना नाव दिलं. त्याला वाटलं घाम आत अडकल्याने हे होतं, म्हणून नावातच ‘बिघडलेला घाम’ घातला. पुढे कळलं की घामाच्या ग्रंथींचा त्यात असा काही दोष नाही. पण नाव मात्र आजही तेच! हॅम्बुर्गच्या उनाने १८८७ साली डोक्यातला कोंडा, भुवया, नाकाच्या कडा, छातीचा मध्य अशा तेलकट जागी येणारा प्रकार सांगितला. लहान बाळांच्या टाळूवर पिवळट खवले धरतात, ते याच घराण्यातले. पाय सुजणाऱ्या, शिरा फुगलेल्या माणसांच्या घोट्याजवळ काळपट इसब होतो तो आणखी वेगळा. तिथे मूळ दुखणं रक्त वर न चढण्याचं असतं आणि मलमापेक्षा पट्टीचा दाब जास्त उपयोगी पडतो.

पण मोठं वळण आलं १८९५ साली. योसेफ याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरकडे एक रुग्ण होता. त्याला पाऱ्याच्या मलमाने इसब झाला होता. (आला ना पारा परत!) याडासोनने त्याच्या कातडीच्या एका तुकड्यावर पारा असलेली पट्टी चिकटवली आणि वाट पाहिली. बरोबर पट्टीखाली इसब उठला. इतरांना ज्याने काही होत नाही ते याच माणसाला का चालत नाही, हे आता कातडीलाच विचारता येऊ लागलं. आजची ‘पॅच टेस्ट’ हीच. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि कुठे काय उठलंय ते बघतात. बेटमनने जे नोंदवलं होतं ते सिद्ध करायला ऐंशीएक वर्षं गेली.

इथून ‘संपर्काचा इसब’ दोन भागांत विभागला गेला. पहिल्या प्रकारात पदार्थच जहाल असतो. साबण-सोड्यात दिवसभर हात असले की कुणाचेही हात फाटतील. दुसऱ्यात पदार्थ बिचारा साधा असतो, पण त्या माणसाच्या शरीराने त्याच्याशी वैर धरलेलं असतं. एकदा धरलं की ते सहसा सुटत नाही. स्वयंपाकघरातला लसूणच घ्या. काही बायकांच्या एकाच हाताच्या अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं कोरडी पडून चिरतात. कुठला हात? तर ज्यात लसणीची पाकळी धरली जाते तो, सुरी धरणारा नव्हे. हे ज्याला माहीत आहे तो डॉक्टर हात बघून कारण सांगतो. ज्याला माहीत नाही तो रक्तशुद्धीचं औषध देतो.

कारण माहीत असणं आणि नसणं यात किती अंतर आहे, याचं एक उदाहरण गवंड्यांचं. सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो आणि त्याने गवंड्यांना हातांचा चिवट इसब होतो. कित्येकांना काम सोडावं लागे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कने सिमेंटमध्ये फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस, मिसळायला सुरुवात केली. त्याने क्रोमियम निरुपद्रवी रूपात जातं. तिथल्या बांधकाम मजुरांमधला हा इसब लक्षणीय कमी झाला. २००५ पासून युरोपीय संघाने तसा नियमच केला. गवंड्याच्या ‘नाजूक कातडी’ला दोष न देता सिमेंटला दोष दिल्यावर हे जमलं.

दोष देण्याचाच विषय निघाला आहे तर आपल्या धोब्याची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजांच्या काळात साहेबांच्या जांघेत खाज सुटली की तिला ‘धोबी इच’ म्हणत. धोब्याने कपडे घाण पाण्यात धुतले म्हणून झालं, असा समज. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा गजकर्ण असायचं. उष्ण दमट हवेत, घामेजलेल्या जांघेत वाढणारी बुरशी. धोबी बिचारा निर्दोष! पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात आले तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या मानेवर, कमरेवर ठरावीक जागी फोड उठू लागले. १९४३ साली अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्याचा माग काढला. धोबी कुणाचे कपडे कुणाचे हे ओळखण्यासाठी कॉलरवर, पट्ट्यावर खूण करत असे आणि ती खूण होती बिब्ब्याच्या रसाची! बरोबर खुणेखालीच कातडी उतत होती. अमेरिकेतली ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली. तिच्याशी ज्यांच्या शरीराचं आधीच वैर होतं, त्यांना बिब्बा पहिल्यांदाच भेटूनही ओळखीचा वाटला. (आंबा आणि काजूही याच कुळातले. आंब्याच्या चिकाने ओठ उतणारे लोक कोकणात हवे तेवढे सापडतील.) म्हणजे एका ‘धोबी इच’मध्ये धोब्याचा दोष नव्हता आणि दुसरीत, त्याला ठाऊक नसतानाही, होता. नाव एकच.

यानंतरची गोष्ट तर पुण्यातलीच. १९५५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना पुण्यात एक परकं झुडूप वाढलेलं दिसलं, आणि १९५६ साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेच आपलं गाजरगवत, उर्फ काँग्रेस गवत. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्वसाधारणपणे मानतात, पण त्याचे तुरळक नमुने भारतात एकोणिसाव्या शतकातही मिळाले होते. कसंही आलेलं असो, पुढच्या काही वर्षांत ते रस्त्याकडेला, पडीक जमिनीत, शेतांच्या बांधांवर पसरलं. आणि त्याच्या मागोमाग दवाखान्यांत एक नवाच इसब दिसू लागला. रुग्ण बहुतेक प्रौढ पुरुष, त्यात शेतकरी पुष्कळ. चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण काळवंडलेली, जाड झालेली आणि सतत खाजणारी. कातडी अशी दिसे की उन्हाचाच त्रास वाटावा. पण नुसत्या उन्हाचा इसब बहुधा हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा सोडतो, आणि हा तिथेही पोचत होता. तिथे ऊन जात नाही, धूळ जाते. पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे शोधनिबंधांतून जगासमोर मांडलं. या गवताच्या केसांसारख्या लवीत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत वाळलं, चुरडलं की त्याची धूळ वाऱ्यावर जाते, आणि मग ते गवत हाताने उपटायचीही गरज उरत नाही. शेजारच्या पडीक जमिनीवरून वारा आला की पुरे.

या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. लसणीचा इसब झाला तर दुसरं कुणी लसूण सोलेल. बिब्बा उतला तर बिब्बा लावू नये. पण हवेतून येणाऱ्या इसबाला काय करायचं? शेत तिथे, घर तिथे आणि वाराही तिथलाच. काहींना खरोखरच शेती सोडून दूर जावं लागलं. हे गवत खाणारा भुंगा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि पुढे सोडण्यात आला. त्याने पावसाळ्यात पानांचा फडशा पाडला, पण गवत काही संपलं नाही. कारण सापडलं म्हणजे सुटका झाली असं नसतं, हे गाजरगवताने शिकवलं.

एवढं सगळं बाहेरचं सांगितल्यावर असं वाटेल की इसब बाहेरूनच येतो. पण मग त्या लहान मुलांचं काय, ज्यांना पहिल्या वर्षातच गालांवर, आणि पुढे कोपर आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब होतो? पॅरिसच्या बेनिए याने १८९२ साली अशा रुग्णांचं वर्णन करताना एक गोष्ट हेरली. यांच्या घराण्यात दमा असतो, सर्दी-शिंकांचा त्रास असतो. १९२३ साली कोका आणि कुक यांनी या घराणेशाहीला ‘अ‍ॅटोपी’ म्हटलं. हाही ग्रीकच शब्द, अर्थ ‘जागेवर नसलेलं’, विचित्र. (कळत नाही हे सांगण्याची किती सुसंस्कृत पद्धत!) १९३३ साली न्यूयॉर्कच्या वाइज आणि सुल्झबर्गर यांनी ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ हे नाव रूढ केलं. १९६६ साली इशिझाका दांपत्याने अशा रुग्णांच्या रक्तात वाढणाऱ्या आयजीई या घटकाचा शोध लावला आणि सगळ्यांना वाटलं, सापडलं! दोष शरीराच्या आतल्या फौजेचा.

मग २००६ साली डंडी आणि डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की अशा अनेक मुलांमध्ये फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असतं. हे प्रथिन कातडीचा सर्वांत वरचा थर बांधतं. ते कमी पडलं की कातडीतलं पाणी उडून जातं आणि बाहेरच्या गोष्टी आत शिरतात. भिंतीला आधीच भेगा, म्हणून बाहेरचं आत आलं, म्हणून फौज पेटली. सगळ्याच मुलांना हे लागू नाही, पण आत की बाहेर हा शंभर वर्षांचा वाद निदान इथे तरी कुंपणावरच येऊन थांबला. आणि साधं व्हॅसलिन किंवा तत्सम काही रोज चोपडण्याला, जे आया कधीपासून करत होत्या, शास्त्राचा आधार मिळाला.

हे मला महत्त्वाचं वाटतं ते त्या आयांसाठी. आपल्याकडे मुलाला इसब झाला की पहिला प्रश्न आईला. काय खाल्लंस? वांगं खाल्लंस का? आंबट खाल्लंस का? पाळलं नाहीस का? मग बाळंतिणीचं अर्ध ताट काढून घेतलं जातं. मुलगी मोठी झाली की ‘कोडबीड तर नाही ना, पसरणारं तर नाही ना’ ही कुजबुज. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कुठलाच प्रकार लागत नाही. एवढं एक वाक्य जरी घरोघरी पोचलं असतं तरी किती जणींचा मनस्ताप वाचला असता.

आणि शेवटचा मुद्दा मलमाचा. १९५२ साली त्याच सुल्झबर्गरने व्हिक्टर विटन यांच्यासोबत हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर वापरून दाखवलं. शतकानुशतकं डांबर आणि जस्ताच्या लेपावर भागवणाऱ्यांना हा चमत्कार होता. पण याच चमत्काराने प्रकार ओळखण्याची निकड वाढवली. स्टेरॉइडने इसब शांत होतो. गजकर्णावर तेच लावलं तर लाली आणि खाज तेवढी कमी होते, बुरशी मात्र निवांत पसरते. एसटी स्टँडवरच्या ‘दाद, खाज, खुजली’ या जाहिरातींनी आपल्याला शिकवलं की सगळं एकच, एकच ट्यूब पुरे. औषधाच्या दुकानातही तेच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तोवर देशभर चिवट, औषधांना न जुमानणारं गजकर्ण पसरलेलं होतं. विलनने लंडनच्या दवाखान्यात जो गोंधळ आवरायला घेतला होता, तोच आपण ट्यूबमध्ये भरून परत आणला.

असो. इसबाच्या प्रकारांची यादी कुठेही मिळते आणि ती पाठ करण्यात काही अर्थ नाही. पण घरात कुणाला असं काही झालं तर ‘काय लावू?’ या आधी ‘कुठे आलंय आणि कशामुळे?’ हे विचारायची सवय लागली तरी पुष्कळ. एका हाताची तीन बोटं की दोन्ही तळहात? कानामागे आहे की नाही? पट्टा लागतो तिथेच का? पाऊस सुरू झाल्यावर वाढतं का? घरात कुणाला दमा होता का? डॉक्टरकडे जाताना ही उत्तरं बरोबर न्यावीत, त्याचाही वेळ वाचतो. दूध उतू जाताना पाहिलं तर आपण ओटा पुसत बसत नाही, आधी गॅस बंद करतो.